सात ओळी आणि एक घडा

१

चोरी झाली म्हणावं, तर वस्तू जागेवर होती; आणि झाली नाही म्हणावं, तर नाना वालावलकर दोन दिवस जेवले नव्हते.

हे आम्हाला कळलं गुरुवारी संध्याकाळी, मुगभाटातल्या राममंदिरात. शनिवारच्या कीर्तनाची तालीम चालली होती. कीर्तनाला सीतारामबुवा म्हापणकर उभे राहणार आणि मी, बाबुराव, त्यांच्या मागे पेटी वाजवणार, हा अकरा वर्षांचा शिरस्ता. इतक्यात नानांची मुलगी कालिंदी आली. शाळेत शिकवणारी, कधी आवाज न चढवणारी मुलगी. पण त्या दिवशी पायरीवरच रडकुंडीला आलेली.

“बुवा, तुम्ही एकदा घरी चला. नाना म्हणतायत, ठसा बदललाय.”

“बदललाय म्हणजे? गेलाय?”

“नाही हो! नळकांड्यात आहे. मी पाहिला, रघुवीरनं पाहिला. तोच आहे. नाना म्हणतात, तो माझा नव्हे. चाळीत सगळे म्हणायला लागलेत, म्हाताऱ्याचं वय झालं. आणि रविवारी दादरला सभा!”

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. “कालिंदी, तुझ्या वडिलांनी तीन अक्षरांसाठी नऊ वर्षं घालवली. असा माणूस उगाच काही बोलत नाही. बाबुराव, पेटी बंद करा.”

२

नानांची खोली समोरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायच्या कामावर जन्म गेला. सुटीत मात्र हा माणूस कोकणातल्या कोळंबगडाच्या लेण्यांत जाऊन बसायचा. तिथल्या खडकावर एक लिपी कोरलेली, जगात कुणाला न वाचता येणारी. एकतीस वर्षांनी नानांनी ती वाचली. पण सगळ्यात मोठा, सात ओळींचा लेख ज्या कातळावर होता, तो कातळ गेल्या वर्षी रस्त्याच्या खडीसाठी सुरुंगानं उडवला. राहिला तो फक्त नानांनी काढलेला ठसा.

ठसा म्हणजे काय, ते मला नानांनीच एकदा सांगितलं होतं. लेखावर ओला जाड कागद पसरायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग वरून काजळीच्या शाईची पुरचुंडी फिरवायची. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात, आणि वाळल्यावर त्या खाचा कागदातच उतरलेल्या असतात.

नाना खाटेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कागद मांडीवर.

“बुवा, हात द्या.” त्यांनी बुवांचं बोट त्या काळ्या कागदावरून फिरवलं. “काय लागतं?”

“काही नाही. गुळगुळीत.”

“माझा ठसा असा नव्हता हो! दोन वर्षं मला दिसत नाही, मी बोटांनीच वाचतो. अक्षर खाचेसारखं लागायला हवं. हे कुणीतरी रंगवलंय. सात ओळी आणि खाली कोपऱ्यात एक घडा, बोटाला पाठ होतं सगळं.” त्यांनी कागद उचलून बुवांपुढे धरला. “आणि रविवारी प्राध्यापक सबनीस भिंग घेऊन येणार. हा कागद मी सभेत मांडला, तर ते म्हणतील, वालावलकरानं खोटा ठसा केला. एकतीस वर्षं खोटी ठरतील.”

बुवांनी कागद खिडकीशी नेला. मीही डोकावलो. सात ओळी अगदी झोकदार. बुवा मात्र खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. तिथं नुसता काळा रंग होता. घडा नव्हता.

“नाना, याचा फोटो कुणाकडे आहे?”

“सगळ्यांकडे! सभेच्या निमंत्रणावरच छापलाय.”

कालिंदीनं निमंत्रण आणून दिलं. फोटोत आकार कळावा म्हणून फोटोग्राफरनं खालच्या कोपऱ्यात एक आण्याचं नाणं ठेवलं होतं. नेमकं घड्यावर.

जिन्यात बुवा माझ्या कानाशी आले. “बाबुराव, कोपऱ्याचं कुणाला बोलू नका. ज्यानं हे रंगवलं, त्याला घडा ठाऊकच नाही.”

३

खोलीत हक्कानं येणारी माणसं चारच. कालिंदी, नानांचा पुतण्या रघुवीर, ठसे काढायला नानांबरोबर गडावर जाणारा गिरणी कामगार राजाराम तांबे, आणि प्राध्यापक शरच्चंद्र सबनीस, जे मागच्याच आठवड्यात ठसा बघायला म्हणून येऊन गेले होते.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही आधी सबनीसांकडे गेलो. भिंती पुस्तकांनी भरलेल्या, आणि चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा.

“मी चोरू?” ते उसळले. “अहो, मला तो ठसा सभेत हवाय! वालावलकर म्हणतात, पाण्याच्या टाक्याचा लेख. मी म्हणतो, ते निव्वळ अंदाज आहेत. खऱ्या ठशावर छिन्नीचा घाव दिसतो, तो बघितल्याशिवाय मी मान हलवणार नाही. तुम्ही त्या गिरणी कामगाराला विचारा. असल्या वस्तू त्याच्या हातात द्यायच्या असतात का?”

“विचारतो की. बरं, लेखाच्या शेवटी काय आहे हो?”

“घडा. वालावलकर त्यातूनही अर्थ काढतात. माझ्या मते ती नुसती नक्षी आहे. तेवढं तरी त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

तिथून आम्ही डिलाईल रोडला बीडीडी चाळीत. राजारामची पहिली पाळी सुटली होती. त्यानं जयभीम घातला, सतरंजी झटकली आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. बुवांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. राजारामचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“आणि साहेब म्हणाले, मला विचारा?”

“म्हणाले.”

“बुवा, तापलेल्या कातळावर तास तास ब्रश ठोकणारा मी. चोरायचाच असता तर तेव्हाच दोन ठसे काढून एक घरी आणला असता. नानांना कळलंही नसतं!” मग त्यालाच हसू आलं. “चोरी कशी करावी तेही मीच सांगतोय बघा.”

“शेवटी काय आहे त्याच्यावर?”

“घडा. त्याच्या तोंडात खडा अडकलेला, तो काढता काढता माझं नख गेलं.” त्यानं अंगठा दाखवला. मग हळूच म्हणाला, “नाना मला ती अक्षरं शिकवतायत. सहा वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही, लोक हसतील.”

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि चहा झाल्यावर आणखी अर्धा कप मागून घेतला. तो मान बुवा सगळ्यांना देत नाहीत.

४

संध्याकाळी परत नानांच्या खोलीत. कालिंदी पोळ्या करत होती. बुवांनी बोलता बोलता तिला विचारलं, ठशाच्या शेवटी काय गं?

“घडा. मी कितीदा वहीत काढलाय.”

“मग काल तो कागदावर नव्हता, ते दिसलं नाही तुला?”

तिचं लाटणं थांबलं. “शाळेची घाई होती हो. वरच्या दोन ओळी बघितल्या आणि म्हटलं, तोच आहे.”

बुवा स्वयंपाकाच्या फळीकडे बघत होते. डब्यांखाली काळा कागद अंथरलेला, त्यावर पांढरी अक्षरं उलटी लोंबत होती. “हा कसला कागद?”

“रघुवीरचं पोस्टर. समितीच्या सभेचं. सभा होऊन गेली, पडलं होतं माळ्यावर, म्हटलं अंथरावं.”

तेवढ्यात रघुवीरच आला. पाट्या रंगवणारा हसरा पोरगा, नखांत कायम रंग. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची पोस्टरं हा फुकट रंगवून द्यायचा. त्या दिवशी मात्र त्यानं नानांकडे बघणं टाळलं.

“काय रे, मागच्या सभेची पोस्टरं किती केलीस?” बुवांनी विचारलं.

“बारा. मोठी. काळ्यावर पांढरी, लांबून दिसायला. अमावास्येला पहाटे काळाचौकीची पोरं घेऊन गेली.”

“सगळी लागली?”

“बाराच्या बारा! दिवस उजाडेपर्यंत लावून पोरं पहिल्या पाळीला हजर.”

“शाब्बास. आणि नानांच्या ठशाचं काय मत तुझं?”

“मला काय कळतंय त्यातलं, बुवा? मी कधी नीट बघितलाही नाही.”

“शेवटी खाली काय आहे, एवढं तरी?”

“खाली? ते आण्याचं नाणं ना?”

बुवा उठले. नानांना नमस्कार करून निघाले. जिना उतरल्यावर मी विचारलं, “मग रघुवीरच?”

“रंगवणारा तोच. पण चोर कोण, ते अजून नाही कळलं.”

“म्हणजे?”

“बाबुराव, ज्याच्या हाती खरा ठसा आहे, तो फोटो बघून नक्कल कशाला करील? यानं फोटोवरून केली, कारण ठसा याच्याकडे नाहीच. आणि बारा पोस्टरं केली, बारा लागली, तर तेरावं डब्यांखाली कुठून आलं? उद्या कीर्तनाला रघुवीरला घेऊन या. पुढे बसवा.”

५

शनिवारी मंदिर भरलं होतं. पूर्वरंग आटोपला, गजर झाला, आणि उत्तररंगाला बुवांनी जाहीर केलं, “आज आख्यान ध्रुवाचं नाही, प्रल्हादाचं नाही. आज आपल्याच आळीतल्या एका तपस्व्याचं.”

नाना पहिल्या रांगेत होते. ते एकदम खाली बघायला लागले.

बुवांनी काय रंगवलं म्हणून सांगू! कचेरीत साहेबाच्या शिव्या खाणारा कारकून. मे महिन्याच्या रजेत शिदोरी बांधून गडावर चढणारा. लेण्यांत जिथे जिथे पाण्याचं टाकं, तिथे तिथे तीच तीन अक्षरं बघून चक्रावणारा. नऊ वर्षं त्याला वाटलं, हे राजाचं नाव. मग एक दिवस टाक्यावर कळशी बुडवणाऱ्या बाईला त्यानं सहज विचारलं, बाई, इथे काय लिहिलं असेल गं? बुवांनी डोक्यावर कळशी घेतल्याचा अभिनय केला आणि मालवणीत ठसक्यात म्हणाले, “पाण्यार पाणीच लिवलेला असतला, आणि काय!”

मंदिर हसून लोटपोट. बुवांनी तान घेतली, माझी बोटं आपोआप पेटीवर धावली. खरं सांगतो, शास्त्र असं गात गात ऐकलं की ते थेट काळजात उतरतं. तीन अक्षरं सुटली, मग तीस सुटली. नानांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बुवांचा आवाज खाली आला. “या तपस्व्याचा एक नियम. दर अमावास्येच्या आदल्या रात्री ठसा नळकांड्यातून काढायचा, कापूर घालून वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि एक दिवस माळ्यावर हवेशीर ठेवायचा, म्हणजे दमट हवेत त्याला बुरशी लागत नाही. त्याच माळ्यावर, तशाच वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणखी बारा भेंडोळी होती. पहाटेच्या अंधारात बारा भेंडोळी गेली. कुठली बारा, ते कुणी बघितलं नाही. उरलेलं एक संध्याकाळी मुलीनं विश्वासानं नळकांड्यात घातलं. आता सांगा मंडळी, नळकांड्यात काय राहिलं?”

बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

“आणि ज्याला ते आधी कळलं, त्यानं काय करावं? म्हाताऱ्याचं काळीज फुटेल, या भीतीनं त्यानं कागद रंगवला. प्रेमानं केलं. पण मंडळी, प्रेमानं दिलेली खोटी वस्तू खोटीच असते.”

पुढच्या रांगेतून रघुवीर उठला आणि नानांच्या पायांवर कोसळला. “नानाकाका, मी केलं! तुम्ही नळकांडं मागितलंत, उघडून बघतो तर आत माझंच पोस्टर! मी काळाचौकीत धावलो. पोलिसांनी सगळी पोस्टरं फाडलेली, पोरांना आठवेना काय कुठे लावलं. मला वाटलं, तुम्हाला दिसत नाही…”

“दिसत नाही,” नाना म्हणाले. त्यांनी चाचपून त्याचं डोकं शोधलं. “पण मला वेडा ठरू दिलंस रे तू, चार दिवस.”

रघुवीर हुंदके देत होता. नानांचा हात त्याच्या डोक्यावर तसाच राहिला. पण ठसा? तो तर पोलिसांनी फाडलेला.

“कोण म्हणतं फाडला?” बुवा म्हणाले. “उद्या दुपारी काळाचौकीत.”

६

“फाडला नसेल, असं तुम्हाला का वाटतं?” रविवारी दुपारी रघुवीर आणि राजारामला घेऊन निघाल्यावर वाटेत मी विचारलं.

“पोलीस पोस्टर का फाडतात? वाचून. जे वाचता येत नाही, त्याचं काय करतील?”

चौकीवर हवालदार रामजी शिंदे मिशा विंचरत बसले होते. बुवांनी विचारलं, “हवालदारसाहेब, अमावास्येच्या पोस्टरांतलं एखादं तुम्ही ठेवलंत का?”

हवालदार ताडकन उभे राहिले. “तुमचं आहे ते? अहो, जिवाला घोर लागलाय! अकरा फाडली. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, वाचलं की फाडलं. बारावं वाचता येईना! उडप्याला दाखवलं, तो म्हणाला आमचं नाही. मौलवीसाहेबांना दाखवलं, त्यांनीही हात जोडले. पत्राद्वारे वर विचारलंय, फाडायचं की राखायचं. हुकूम येईपर्यंत मी रोज दोनदा जाऊन बघतो, कुणी हात लावला नाही ना.”

“कुठे आहे?”

लाकडाच्या एका बंद वखारीचं दार, वर पत्र्याची पडवी. त्या दारावर नानांच्या सात ओळी आणि कोपऱ्यात घडा. राजारामनं पुढे होऊन हलकेच बोट फिरवलं.

“खाचा आहेत! खळ संपत आली असणार, नुसत्या चार कोपऱ्यांना लावलीय. पण कोपरे घट्ट धरलेत. ओढला तर घडाच फाटेल.”

“मग?” रघुवीर म्हणाला. “सभा चार वाजता!”

राजारामनं दाराच्या बिजागऱ्यांकडे बघितलं. मग बुवांकडे. “दारच न्यायचं.”

“दार?” हवालदार ओरडले. “वखारवाला गावाला गेलाय! ही चोरी झाली!”

“वखारीची राखण कोण करील?” बुवांनी विचारलं.

“तो प्रश्न नाही, इथे शिपाई उभा करतो. पण कागद माझ्या ताब्यात आहे, कागदाचं दारही माझ्या ताब्यात!”

“मग तुम्हीच चला की दाराबरोबर.”

हवालदारांनी क्षणभर विचार केला, टोपी घातली आणि म्हणाले, “उचला.”

काळाचौकीच्या पोरांनी हातगाडी आणली. ठसा वर, खाली काथ्या, चारी बाजूंनी चौघं. लालबाग-परळमधून वरात निघाली. कुणी विचारलं, कसली मिरवणूक? मी काय सांगणार, दाराची? बुवांनी झांजा काढल्या आणि विठ्ठलाचा गजर धरला. पाठोपाठ रस्त्यानं माणसं टोप्या काढून नमस्कार करायला लागली. हवालदारही एका हातानं गाडी धरून दुसऱ्यानं ताल देत होते.

७

दादरच्या सभागृहात दार व्यासपीठावर टेकवलं तेव्हा चाराला पाच मिनिटं कमी होती. मंडळी आधी हसली. सबनीस हसले नाहीत. भिंग घेऊन दाराशी वाकले ते वीस मिनिटं उठलेच नाहीत.

“ठसा खरा आहे,” अखेर ते म्हणाले. “छिन्नीचे घाव आहेत. पण वाचन? ते खरं कशावरून?”

नाना काठी टेकत दाराशी गेले. बोटं पहिल्या ओळीवर ठेवली आणि वाचत गेले. विणकराच्या आईनं हे टाकं खोदवलं. येणाऱ्या कुणालाही तहान लागली तर त्यानं प्यावं, जात गोत न सांगता. राजाराम मागे उभा होता. शेवटच्या शब्दाला त्यानं मान वर केली.

“पाठ केलेलं कुणीही म्हणेल,” सबनीस म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा कडूपणा नव्हता. त्यांनी पिशवीतून एक लहान ठसा काढला. “दोन ओळी. दुसऱ्या लेण्यातल्या. मी स्वतः काढल्या, आजवर कुणाला दाखवल्या नाहीत. वाचा.”

 नानांनी हात पुढे केला, तोच बुवा उठले.

“प्राध्यापकसाहेब, एक विनंती. नाना वाचतील आणि तुम्ही म्हणाल, अंदाज केला. ही अक्षरं वाचणारा दुसराही एक माणूस इथे आहे. नानांना बाहेर बसवा. दोघांना वेगवेगळं वाचू द्या. दोन माणसं निरनिराळ्या खोल्यांत एकसारखा अंदाज करत नाहीत.”

“दुसरा? कोण?”

“राजाराम तांबे. डिलाईल रोड.”

राजाराम पांढरा पडला. “बुवा, मला नाही जमायचं. एवढ्या लोकांत…”

नाना वळले. “राजा, मी बाहेर बसतो. तू चुकलास तर मी शिकवण्यात चुकलो. वाच.”

कालिंदी नानांना बाहेर घेऊन गेली. राजारामनं शर्टाला हात पुसले. कागदावर वाकला. पहिल्या ओळीवर ओठ हलत राहिले, थांबले, परत मागे गेले.  मी मनातल्या मनात रामनाम घेत होतो.

“यात पाणी नाही, साहेब,” तो म्हणाला. “पाण्याची तीन अक्षरं कुठेच नाहीत. यात… चढायच्या पायऱ्या आहेत. कुणा लोहारानं दिल्यात. बहिणीच्या नावानं.”

सबनीसांनी ते कागदावर उतरवून घेतलं. मग नानांना आत आणून दाराशी बसवलं. राजारामनं काय वाचलं, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. नानांची बोटं कागदावर चालत गेली, अगदी सावकाश.

“पाणी नाही यात,” नाना म्हणाले. “पायऱ्या. लोहाराचं दान. बहीण… हो, बहिणीसाठी.”

सबनीसांनी हातातला कागद अध्यक्षांपुढे ठेवला. “हा ठसा मी पायऱ्यांच्या कडेवरून काढला होता,” ते म्हणाले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट उसळला. हवालदार रामजी शिंदे सगळ्यांत मोठ्यानं वाजवत होते. रघुवीर खांबाला टेकून रडत होता, आणि कालिंदी त्याला आपला पदर डोळे पुसायला देत होती.

सबनीसांनी चपला काढल्या. दाराशी नानांच्या शेजारी जमिनीवर बसले. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, म्हणून त्यांचं बोलणं फक्त आम्हा जवळच्यांना ऐकू आलं.

“नाना, मलाही शिकवाल? कुठून सुरुवात करू?”

नानांनी चाचपडत त्यांचा हात शोधला, त्यांचं बोट धरलं आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या खाचेत नेऊन ठेवलं.

“इथून,” ते म्हणाले. “घाई नको. राजाराम बसेल जवळ.”